‘नैवेद्य दाखविणे’ : एक क्रियापद आणि तीन कथा

नैवेद्याविषयी मराठीत जे लेखन झाले आहे ते सामान्यतः दोन प्रकारचे आहे. एका प्रकारात कोणत्या देवतेस कोणते पक्वान्न प्रिय, कोणत्या तिथीस काय वर्ज्य, याचा तपशील येतो. दुसऱ्या प्रकारात ‘देव भावाचा भुकेला’ या वचनाचा विस्तार होतो. पहिल्यास विचाराची गरज भासत नाही आणि दुसऱ्यास तपशिलाची. या दोहोंच्या मध्ये एक साधा भाषिक प्रश्न मात्र उपेक्षित राहिला आहे. मराठी माणूस देवाला नैवेद्य ‘देत’ नाही, ‘वाढत’ नाही, ‘भरवीत’ही नाही; तो नैवेद्य ‘दाखवितो’. अन्नासारख्या वस्तूच्या बाबतीत, जी खाण्यासाठीच सिद्ध केलेली असते, भाषेने दर्शनाचे क्रियापद का स्वीकारावे? या प्रश्नाचा विचार केल्यावाचून आपल्या संतचरित्रांतील काही अत्यंत परिचित कथांचा अर्थही नीट लागत नाही, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे. या विवेचनातील मुख्य कथा सोलापूर, पंढरपूर आणि मंगळवेढा या तीन ठिकाणांशी निगडित आहेत, म्हणजे एकाच जिल्ह्याच्या परिसरातील आहेत. हा योगायोग असला तरी सोयीचा आहे, कारण या परिसरात मराठी, कानडी आणि तेलुगू या तिन्ही भाषा शेजारी नांदतात, आणि तुलनेसाठी दूर जावे लागत नाही.

प्रथम शेजारच्या भाषांकडे पाहावे. हिंदीत ‘भोग लगाना’ असा प्रयोग आहे. गुजरातीत नैवेद्य किंवा थाळ ‘धरावतात’, म्हणजे देवापुढे धरतात. बंगालीत भोग ‘देतात’. तेलुगूत नैवेद्याबरोबर ‘पेट्टु’ हे क्रियापद येते. त्याचा मूळ अर्थ ‘ठेवणे’ असला तरी अन्नाच्या संदर्भात तो ‘वाढणे, जेवू घालणे’ असा होतो. कानडीत नैवेद्य ‘करतात’, आणि ‘एडे’ ठेवतात. ‘एडे’ म्हणजे मूळची जागा, त्यावरून देवासाठी मांडलेले पान. या सर्व प्रयोगांत अन्न देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे काही अंतर तरी सरकते. मराठी प्रयोगात ते जागचे हालत नाही.

‘नैवेद्य’ हा शब्द स्वतः काय सांगतो? ‘नि’ उपसर्गपूर्वक ‘विद्’ धातूच्या प्रयोजक रूपापासून ‘निवेदयति’, म्हणजे ‘जाणवून देतो, कळवितो’. त्यावरून ‘निवेद्य’ आणि ‘नैवेद्य’. जे निवेदन करावयाचे ते नैवेद्य. संस्कृतात पुढे या धातूस ‘अर्पण करणे’ हा अर्थ चिकटला हे खरे, परंतु मुळात त्यात अन्नाचा किंवा भोजनाचा गंधही नाही. ग्रामीण मराठीत ‘निवद’ झालेल्या या शब्दाशी ‘दाखविणे’ हे क्रियापद जोडले गेले तेव्हा मूळ धात्वर्थ कोणाच्या ध्यानात असेल असे मानण्यास आधार नाही. तरीही कळविणे आणि दाखविणे यांची जात एकच आहे, हे लक्षणीय आहे.

जुन्या मराठीत देवाच्या अन्नासाठी याहून निराळ्या कुळातील एक शब्द होता, तो म्हणजे ‘बोनें’. त्याचा अर्थ भोजन, आणि त्यावरून देवास अर्पावयाचे अन्न. कानडीतील ‘बोन’ आणि तेलुगूतील ‘बोनमु’ ही त्याची भावंडे होत; आषाढात तेलंगणातील देवीच्या उत्सवास ज्यावरून ‘बोनालु’ हे नाव पडले तो शब्द हाच. सर्वांचे मूळ संस्कृत ‘भोजन’. परंतु ‘भोजन’ शब्दाचे प्राकृत रूप ‘भोअण’ होते, आणि मराठी आद्य महाप्राण सहसा टिकविते. ‘भ’चा ‘ब’ झालेला पाहता हा शब्द मराठीत प्राकृताच्या सरळ वाटेने न येता दक्षिणेकडील भाषांतून फिरून आला असण्याचा संभव अधिक. ते कसेही असो. ज्या शब्दाचा अर्थच ‘जेवण’ तो मागे पडला, आणि ज्याचा अर्थ ‘निवेदन’ तो राहिला. एकट्या शब्दाच्या लोपावरून धर्मकल्पनेचा इतिहास लिहू नये, हे खरेच. पण क्रियापद, नाम आणि पुढे येणारा आचार ही तिन्ही एकाच दिशेस बोट दाखवीत असतील तर त्यांची दखल घेणे भाग आहे.

आता आचाराकडे वळावे. देवापुढे पाण्याने चौकोनी मंडल काढावयाचे, त्यावर ताट ठेवावयाचे, पदार्थांवर तुळशीपत्र ठेवून ताटाभोवती पाणी फिरवावयाचे, पाच प्राणांच्या आहुतींचा उच्चार करीत हाताने घास देवाकडे नेल्याचा अभिनय करावयाचा, मध्ये पिण्याचे पाणी, शेवटी उत्तरापोशन, हात धुण्यास पाणी, तोंड धुण्यास पाणी, हातांस चोळावयास चंदन आणि मग विडा. या क्रमात गृहीत असलेला देव पूर्ण जेवतो. तो आचवतो, तांबूल घेतो. म्हणजे संस्कृत विधी देवास जेववितो आणि मराठी क्रियापद देवास केवळ दाखविते. एकच कृती करणारा माणूस ओठांनी एक भाषा बोलतो आणि घरात सांगताना दुसरी. ‘नैवेद्य दाखवून झाला का?’ असेच आतून विचारले जाते. ‘देवाचे जेवण झाले का?’ असे विचारणारी घरे विरळाच.

या विसंगतीचा उलगडा ‘दाखविणे’ या क्रियापदाच्या इतर उपयोगांवरून होतो. वैद्यास नाडी दाखवितात, जाणत्यास दागिना दाखवितात, आणि स्थळास मुलगी दाखवितात (हा शेवटचा प्रयोग मनास खटकतो, पण भाषेत रूढ आहे). या सर्व ठिकाणी दोन गोष्टी समान आहेत. दाखविलेली वस्तू दाखविणाऱ्याकडेच राहते. आणि पाहणाऱ्याकडून वस्तूऐवजी पसंतीचा, निर्णयाचा किंवा संमतीचा शब्द परत येतो. नैवेद्यात तंतोतंत हेच घडते. ताट जसेच्या तसे परत येते आणि त्याबरोबर येतो तो ‘प्रसाद’. या शब्दाचा मूळ अर्थ कोणताही खाद्यपदार्थ नसून प्रसन्नता, निर्मळपणा, कृपा असा आहे. तेव्हा नैवेद्य आणि प्रसाद हे दोन शब्द समानार्थी म्हणून वापरण्याची जी सैल सवय अलीकडे दिसते ती केवळ कोशदृष्ट्या चुकीची नाही. तिच्यामुळे या व्यवहाराचा सांधाच दिसेनासा होतो. एकाच अन्नाची ती दोन नावे आहेत, परंतु त्या दोहोंच्या मध्ये देवाची दृष्टी आहे.

पितरांच्या बाबतीत मात्र मराठी माणूस दाखविण्यावर समाधान मानीत नाही. पिंडास कावळा शिवावा लागतो. तो शिवला नाही तर अख्खे घर अस्वस्थ होते, मृताच्या राहिलेल्या इच्छेचा शोध सुरू होतो. तेथे अन्न खरोखर कोणी तरी उचलले पाहिजे. देवाने उचलले नाही तर कोणी खिन्न होत नाही. उलट उचलले तरच गोंधळ होईल.

तो गोंधळ ज्या कथेत होतो ती कथा नामदेवांची. नामदेवांचा काळ इ. स. १२७० ते १३५० असा सामान्यतः मानतात. त्यांच्या बालपणीची ही कथा नामदेव गाथेत येते आणि महीपतीने १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त ती विस्ताराने सांगितली आहे. वडील दामाशेट बाहेर गेलेले असताना आई गोणाई मुलाच्या हाती विठ्ठलासाठी नैवेद्याचे ताट देते. मूल ताट ठेवून वाट पाहते. देव जेवत नाही. आपले काही चुकले असे समजून ते रडते, विनविते, शेवटी पायांवर डोके फोडून घेण्यास सिद्ध होते, तेव्हा देव जेवतो. प्रचलित कथनात मूल घरी येते ते रिकामे ताट घेऊन, आणि आईस संशय येतो.

या कथेचे परंपरागत रसग्रहण बालभावाच्या निरागसतेवर थांबते, आणि आधुनिक सुशिक्षित वाचक तीस भक्तीचे रूपक म्हणून बाजूस ठेवतो. दोन्ही वाचनांत एक तपशील हातून निसटतो, तो म्हणजे आईचा संशय. गोणाई ही कथेतील अश्रद्ध व्यक्ती नव्हे. ती रोज नैवेद्य पाठविणाऱ्या घरातील भाविक स्त्री आहे. असे असता ताट रिकामे दिसताच देवाने जेवले ही शक्यता तिच्या मनास शिवत नाही. मुलानेच खाल्ले असावे असे तिला वाटते. कथाकाराने तिला दोष दिलेला नाही, कारण ती प्रत्येक घराच्या वतीने बोलत आहे. नैवेद्य दाखविणाऱ्या प्रत्येकाला ताट भरलेले परत येणार हे आधीच ठाऊक असते, आणि ते तसे परत यावे हीच त्याची अपेक्षा असते. सबंध प्रसादव्यवहार या अपेक्षेवर उभा आहे. देव खरोखर जेवला तर प्रसाद उरत नाही. उरला तर ते उष्टे. मुलास हा अलिखित करार कोणी सांगितलेला नाही. त्याने विधीतील शब्द खरे मानले आणि मराठी क्रियापद त्यास अजून उमगले नव्हते. म्हणून ही कथा निरागसतेची स्तुती आहे त्याहून अधिक ती मोठ्यांच्या श्रद्धेची परीक्षा आहे, आणि त्या परीक्षेत आई-वडिलांना दुसऱ्या दिवशी स्वतः डोळ्यांनी पाहावे लागते. पाहण्याची पाळी आता त्यांच्यावर येते, हे कथेतील सर्वांत मार्मिक वळण होय.

हीच कथा उत्तरेत गेल्यावर काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १६०४ साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथात नामदेवांची जी पदे आहेत त्यांपैकी भैरव रागातील एका पदात हा प्रसंग येतो. तेथे ताटाऐवजी दुधाची वाटी आहे. नामदेव कपिला गाईचे दूध काढून आणतो, गोविंदास ते पिण्याची विनंती करतो, न प्यायल्यास वडील रागावतील अशी भीती घालतो. देव पितो आणि भक्त घरी जातो. रिकाम्या वाटीबद्दल कोणी विचारीत नाही. कथा सुबक झाली, पण तिचा काटा गेला. दूध प्यायल्यावर वाटी रिकामी होणारच. मराठी कथेत जे संकट उभे राहिले ते वाटण्यासाठी परत येणाऱ्या ताटाचे होते.

पंढरपूरहून सोलापुरास यावे तर तेथे याच्या नेमकी उलट रचना असलेली कथा भेटते. सोन्नलिगे, म्हणजे आजचे सोलापूर, येथील बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धराम यांचे चरित्र राघवांकाने कानडी षट्पदीत लिहिले. अबोल, गुरे राखणाऱ्या मुलाकडे जंगमाच्या वेषात मल्लय्या येतो आणि आपण होऊन खावयास मागतो. मूल त्यास शेतातील कोवळे दाणे देते. सोलापूरच्या कानास तो हुरडाच वाटतो. दाणे खाऊन पोटात आग पडली, आता दहीभात आण, असे तो म्हणतो. मूल घरी धावते, दहीभात घेऊन येते, आणि पाहते तो शेतात कोणी नाही. मल्लय्यास हाका मारीत ते श्रीशैलापर्यंत जाते, शेवटी दरीत उडी टाकते, तेव्हा मल्लिकार्जुन त्यास झेलतो.

दोन्ही कथांत मूल आहे, अन्न आहे, आणि प्राण देण्याची तयारी आहे. फरक येथे आहे की पंढरपूरचा देव समोर असून जेवत नाही, आणि सोलापूरचा देव मागून, खाऊन, आणखी मागून नाहीसा होतो. एका मुलाचे दुःख ताट भरलेले आहे याचे; दुसऱ्याचे दुःख भरलेले भांडे घेण्यास कोणी नाही याचे. सिद्धरामकथेत दाखविणे या क्रियेस जागाच नाही. तेथे ‘मागणे’ आणि ‘देणे’ ही क्रियापदे आहेत, आणि भुकेला जंगम हाच देव असल्यामुळे अन्न खरोखर खाल्ले जाते.

या फरकाच्या मागे एक धर्मशास्त्रीय वादही आहे. स्मार्त निबंधकारांच्या मते शिवलिंगास अर्पिलेले अन्न निर्माल्य होय. तो चंडेश्वराचा भाग, सामान्य भक्ताने तो खाऊ नये. स्वयंभू किंवा बाणलिंगासारखे अपवाद सोडल्यास हा निषेध मानला जाई, आणि महाराष्ट्रातील अनेक शिवालयांत नैवेद्यावर गुरवाचा हक्क असतो त्यास या निषेधाची पार्श्वभूमी आहे. वीरशैव मताने हे सारे उलटविले. प्रसाद हे तेथे अष्टावरणांपैकी एक आवरण. तळहातावरील इष्टलिंगास अर्पिल्यावाचून खावयाचे नाही, आणि अर्पिल्यावर त्यातील कण वाया घालवावयाचा नाही. गुरूचे आणि जंगमाचे जे शेष ते उष्टे न मानता ग्राह्य मानावयाचे. मराठी भाषेत ‘देवाचे उष्टे’ असा प्रयोग कोणी करीत नाही. ‘शेष’ किंवा ‘प्रसाद’ म्हणून तो टाळला जातो. शिजविताना चव घेतली तर अन्न उष्टे होते म्हणून सोवळ्यातील गृहिणी मिठाचा अंदाज डोळ्यांनीच करते (आणि अंदाज चुकल्याचे प्रसाद घेताना सर्वांना कळते). उष्ट्याची ही धास्ती दूर करण्याचे दोन मार्ग होते. देव खातच नाही असे भाषेतून मान्य करणे हा एक; देवाचे उष्टे हेच पवित्र असे उघड म्हणणे हा दुसरा. मराठीने पहिला पत्करला, शरणांनी दुसरा.

पहिला मार्ग अधिक सभ्य वाटतो, पण त्याची किंमत कोणी दिली हे विचारले पाहिजे. दाखविण्यासाठी देवाच्या समोर उभे राहण्याचा अधिकार लागतो. नैवेद्याच्या वेळी देवळात पडदा ओढला जातो. जे दाखवावयाचे ते एकासच, आणि दाखविणाराही एकच. पंढरपुरात बडवे आणि सात सेवाधारी यांच्या वंशपरंपरागत हक्कांत ही उपचारांची वाटणी शतकानुशतके बांधलेली होती. ज्यास पायरीपलीकडे जाता येत नव्हते त्याच्या घरचे अन्न देवाच्या दृष्टीस पडण्याचा प्रश्नच नव्हता.

मंगळवेढ्याच्या चोखामेळ्याची ‘भक्तविजया’तील कथा या ठिकाणी वाचावी. विठ्ठल चोख्याच्या घरी जेवावयास बसला आहे. चोख्याची पत्नी वाढताना दही देवाच्या पीतांबरावर सांडते, तेव्हा चोखा तिला काही बोलतो. ते बोलणे बाहेरून जाणारा ब्राह्मण ऐकतो आणि चोख्याच्या तोंडात मारतो. तो देवळात जाऊन पाहतो तर मूर्तीचा गाल सुजलेला आणि पीतांबरावर दही. चमत्कार म्हणून ही कथा सर्वांस ठाऊक आहे. पण तिच्यातील क्रियापदे पाहावी. येथे देव बसतो, त्यास वाढतात, तो जेवतो, त्याच्या अंगावर सांडते. पंक्तीची ही सारी भाषा आहे. नामदेवकथेत रिकाम्या ताटाने जो पुरावा दिला तो येथे डागाने दिला आहे. आणि दोन्ही कथा ज्या वाचकांसाठी लिहिल्या गेल्या त्यांच्या घरी नैवेद्य दाखविण्याचीच चाल होती. महीपती आपल्या वाचकांना त्यांच्याच व्यवहाराविरुद्ध कथा सांगत आहे. तो ती सहानुभूतीने सांगतो, परंतु मूर्तीचा गाल सुजल्यानंतरही देवळाचे दार चोख्यास कायमचे मोकळे झाले नाही. हे त्याच्या काव्याचे अपयश म्हणण्यापेक्षा त्याच्या काळाची मर्यादा म्हणणे न्याय्य ठरेल. चोख्याची समाधी आजही महाद्वारापाशी, पायरीजवळ आहे. ते दार हरिजनांस उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने रद्द ठरविले, आणि त्यावरील वादाचा अंतिम निकाल सर्वोच्च न्यायालयात २०१४ साली लागला. कथेतील दह्याचा डाग आणि हा निकाल यांत सुमारे साडेसहा शतकांचे अंतर आहे.

पंढरपुरातच ताकपिठ्या विठोबाचे लहानसे देऊळ आहे. म्हातारीने ताक आणि पीठ अर्पावे आणि तिला चालवेनासे झाल्यावर देवाने तिच्याकडे यावे, अशी त्याची कथा. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाच्या गोपजनीय मुळाचा जो शोध घेतला आहे त्याच्या प्रकाशात ताक, दही, लोणी ही केवळ गरिबीची चिन्हे राहत नाहीत, ती या दैवताच्या आद्य आहाराची खूण ठरतात. काकड आरतीच्या वेळचा लोणीसाखरेचा नैवेद्य आणि दुपारपूर्वीचा पक्वान्नांचा महानैवेद्य यांत कदाचित दोन निरनिराळ्या समाजांच्या स्वयंपाकघरांचा इतिहास आहे. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

सांप्रत या शब्दांत नवी हालचाल दिसते. मोठ्या देवस्थानांत ‘प्रसादाचा लाडू’ विक्रीस असतो, आणि ‘प्रसाद’ या कर्मापुढे ‘विकत घेणे’ हे क्रियापद निःसंकोच येते. ज्याचा मूळ अर्थ कृपा त्याचे वजन आणि दर ठरलेले आहेत, याचे वैषम्य वाटून घेण्यापेक्षा अभ्यासकाने एवढे नोंदवावे की येथे नैवेद्य हा मधला दुवाच गळाला आहे. लाडू आधी दाखविला होता की नाही असे घेणारा विचारीत नाही. उलट अक्कलकोटसारख्या ठिकाणी अन्नछत्रात पंक्तीने मिळणाऱ्या पूर्ण जेवणास ‘महाप्रसाद’ म्हणतात. तेथे प्रसादाचा अर्थ पुन्हा भोजन असा झाला आहे, म्हणजे ‘बोनें’ शब्दाने सोडलेली जागा दुसऱ्या शब्दाने भरून काढली आहे.

एक अन्न मात्र या सर्व क्रियापदांच्या बाहेर राहिले आहे. आषाढी पौर्णिमेस गोपाळपुरात काला होतो आणि वारी संपते. ‘काला’ हा शब्द ‘कालविणे’ या क्रियापदाशी जोडलेला. दही, लाह्या, ज्याच्याजवळ जे असेल ते एकत्र कालवून एकमेकांच्या मुखात घालतात. काला होतो, करतात, वाटतात, खातात. ‘काला दाखविला’ असे कोणी वारकरी म्हणत नाही.